फोम गन पुन्हा पुन्हा जाम होतेय? नवी घेण्याआधी हे तपासा

मागच्या आठवड्यात फोम मस्त आला होता. आज तीच गन, तोच कॅन, ट्रिगर दाबून बोट दुखलं तरी नोझलमधून काही येत नाही. असा फोन मला दर महिन्याला येतो. मी नाशिकला खिडक्या बसवायचं काम करतो. चौकट आणि भिंत यांच्यातली फट, एसीच्या पाइपसाठी पाडलेलं भोक, पत्रा आणि भिंत यांच्यामधली पोकळी, हे सगळं पीयू फोमनं, म्हणजे कॅनमधून बाहेर आल्यावर फुगून कडक होणाऱ्या पॉलियुरेथेन फोमनं भरतो. कॅन ज्यावर बसवून हा फोम मारतात, ती ही गन. उन्हाळ्यात एसी लावूनही खोली गार होत नाही, तेव्हा गरम हवा अनेकदा याच फटींतून आत येत असते. स्वतःच्या आणि दुसऱ्यांच्या इतक्या जाम गन सोडवल्यात की दोष कुठे असणार याचा अंदाज फोनवरच येतो. बऱ्याचदा गन फेकायची गरज नसते.

आधी लक्षण नीट बघा

ट्रिगर पूर्ण दाबला जातो, पण काहीच बाहेर येत नाही. किंवा ट्रिगरच घट्ट बसलाय, हलत नाही. किंवा नुसता गॅस फुसफुसतो आणि मधूनच पातळ, चिकट थेंब पडतात. किंवा ट्रिगर सोडल्यावरही टोकातून फोम ओघळत राहतो. किंवा गन आणि कॅनच्या जोडातून फोम गळतो. हे झाले गनचे किंवा कॅनचे दोष.

फोम छान आला, फट भरली, पण दुसऱ्या दिवशी तो आक्रसलाय, आतून पोकळ झालाय किंवा भिंतीपासून सुटलाय, असं असेल तर गन ठीक आहे आणि भरायची पद्धत चुकली आहे. त्याबद्दल पुढे लिहिलंय.

गन जाम का होते हे एकदा समजलं की पुढची प्रत्येक तपासणी का करायची ते आपोआप कळतं. या कॅनमधला फोम हवेतल्या ओलाव्यानं पक्का होतो. कॅन बंद आहे तोवर आतला माल चिकट, पातळ राहतो. बाहेर आला की त्याचा हवेतल्या बाष्पाशी संयोग होतो, त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो, फोम फुगतो आणि कडक होतो. हीच क्रिया गनच्या नळीत झाली की गन जाम. ओलावा आत शिरायला दोनच वाटा आहेत: पुढचं टोक आणि कॅन काढल्यावर उघडी पडणारी मागची वाटी. म्हणून 'परवा काम संपल्यावर कॅन काढून ठेवला होतास का?' हा माझा पहिला प्रश्न असतो, आणि उत्तर बहुतेक वेळा 'हो' येतं.

हात लावण्याआधी

डोळ्यांवर गॉगल आणि हातात नायट्राइलचे मोजे, यात सूट नाही. जाम झालेली गन दाबाखाली असते. काय अडकलंय ते बघायला नोझल डोळ्यांसमोर धरू नका. कॅनमधला वायू पेट घेणारा असतो, त्यामुळे स्वयंपाकघरातला गॅस, गॅस गिझर, देवघरातली समई आणि उदबत्ती बंद हवी आणि खिडक्या उघड्या हव्यात. एका घरी एसीच्या पाइपचं भोक देवघराला लागूनच होतं. आजींना सांगून समई शांत केली, फोम भरला, तासभर पंखा चालू ठेवला आणि मगच त्यांनी ती पुन्हा लावली. दमा असलेल्या माणसानं हे काम करू नये. फोममध्ये आयसोसायनेट नावाचं रसायन असतं आणि त्यानं दम्याचा झटका येऊ शकतो.

आता तपासणी, फुकटातल्या गोष्टींपासून

सगळ्यात आधी गनच्या मागचा स्क्रू बघा. गनच्या नळीत टोकाचं भोक उघडणारी-मिटणारी एक लांब सुई असते. ती किती मागे सरकेल ते हा स्क्रू ठरवतो. तो पूर्ण आवळलेला असेल तर ट्रिगर दाबलाच जात नाही आणि माणसाला वाटतं गन अडकली. काम संपल्यावर तो आवळून ठेवायचा असतो, आणि पुढच्या वेळी सोडायचा विसरतो. उलट्या दिशेनं अर्धा फेरा सोडा आणि ट्रिगर हळू दाबून बघा. हललाच नाही तर जोर लावू नका. आतली सुई फोममध्ये चिकटली असेल तर जोर लावल्यावर ती वाकते, आणि वाकलेली सुई पुन्हा सरळ बसत नाही.

मग कॅन कसा धरलाय ते बघा. काम करताना गन खाली आणि कॅन वर, तळ आभाळाकडे, असा हवा. वायू वर राहतो आणि फोमला खाली ढकलतो. कॅन सरळ उभा धरून दाबलात तर वायू निघून जातो, घट्ट माल आत उरतो, आणि नंतर कॅन उलटा केला तरी तो बाहेर ढकलायला दाब शिल्लक नसतो. 'नुसता फुसफुसतो' या तक्रारीत मी आधी हेच विचारतो. त्याचबरोबर कॅन हलवला होता का? वीस-तीस वेळा, जोरात. आतला माल आणि वायू वेगळे झालेले असतात, ते एकजीव झाले नाहीत तर पहिले चार झटके पाणचट येतात. कामात दहा-पंधरा मिनिटांचा खंड पडला तर पुन्हा हलवायचा.

कॅनच्या तळावरची तारीख वाचा. मुदत साधारण वर्ष-दीड वर्षाची असते. दुकानात कॅन आडवे रचलेले दिसले तर मी ते घेत नाही. आडव्या कॅनमध्ये माल सतत व्हॉल्व्हला टेकून राहतो आणि व्हॉल्व्ह चिकटतो. घरीही कॅन उभाच ठेवा.

यानंतर कॅनला हात लावून त्याचं तापमान बघा. १५ ते २५ अंशांत फोम सर्वांत चांगला येतो. निफाडला जानेवारीत एका फार्महाऊसवर काम होतं. कॅन रात्रभर टेम्पोत राहिले होते आणि सकाळी हाताला बर्फासारखे लागत होते. गन नवी कोरी असूनही फोम घट्ट, तुटक, शेवयांसारखा येत होता. कोमट पाण्याच्या बादलीत कॅन वीस मिनिटं ठेवला, पुसला, हलवला, आणि तोच फोम सरळ धारेनं आला. पाणी कोमट म्हणजे हात आरामात बुडेल इतकंच. चुलीजवळ किंवा हीटरसमोर कॅन कधीही ठेवू नका. ५० अंशांच्या वर कॅन फुटू शकतो. विदर्भ-खान्देशातल्या मंडळींनी उन्हाळ्यात हे जास्त सांभाळायला हवं. उन्हात उभ्या गाडीची डिकी ५० अंशांपुढे सहज जाते.

कॅन दोन प्रकारचे मिळतात हेही लक्षात घ्या. एकासोबत प्लास्टिकची नळी येते, तो गनशिवाय वापरायचा. दुसऱ्याच्या तोंडावर आटे असलेली कडी असते, तो गनसाठीचा. नळीवाला कॅन गनवर बसवायचा खटाटोप केला की जोड घट्ट बसत नाही आणि गळती सुरू होते. योग्य कॅन असूनही गळत असेल तर वाटीच्या आट्यांत जुना फोम अडकलेला असतो. तो लाकडी काडीनं काढा. कॅन बसवताना हातानं आवळा, पकडीनं नको.

दोष कॅनचा की गनचा, हे ठरवणारी चाचणी

इथपर्यंत काही सापडलं नाही तर क्लीनरचा कॅन हवा. फोम क्लीनर वेगळा मिळतो, तो मुख्यतः ॲसिटोनचा असतो आणि त्याचा कॅन गनवर बसतो. गन घेतानाच तो सोबत घ्यायला हवा. बहुतेक जण घेत नाहीत, आणि त्या थोड्या पैशांच्या बचतीपायी गन जाते.

फोमचा कॅन काढायचा तर मागचा स्क्रू बंद करा, कॅन खाली आणि गन वर येईल अशी पालटा, म्हणजे जोडातून फोमऐवजी थोडा वायूच सुटेल. जोडावर जुनं फडकं धरा, तोंड बाजूला ठेवा, आणि हळू फिरवा. लगेच क्लीनर बसवा, स्क्रू सोडा आणि रिकाम्या डब्यात ट्रिगर दाबा. क्लीनर सरळ धारेनं आला तर गन निर्दोष आहे, फोमच्या कॅनचा व्हॉल्व्ह चिकटलाय. तो कॅन आता संपला असं समजा. स्क्रूड्रायव्हरनं त्याचा व्हॉल्व्ह दाबू नका, खिळ्यानं भोक पाडू नका. आतला दाब आणि पेट घेणारा वायू दोन्ही तुमच्या तोंडावर येतील. नवा कॅन असेल तर बिल घेऊन दुकानात जा.

क्लीनर आला नाही किंवा थेंबथेंब आला तर अडथळा गनमध्ये आहे.

गन सोडवताना

आधी टोक बघा. नोझलच्या तोंडाशी मधाच्या रंगाचा, कडक, पारदर्शक मणी दिसेल. तो नखानं किंवा प्लास्टिकच्या काडीनं उडवा. शिवणाची सुई, खिळा, सायकलची तार आत घालायचा मोह आवरा. पितळी टोकाच्या आत गनची सुई जिथे टेकते ती जागा आरशासारखी गुळगुळीत असावी लागते. तिथे एक चरा पडला की सुई नीट मिटत नाही आणि गन कायमची ओघळत राहते. ट्रिगर सोडल्यावर फोम गळत राहण्याचं कारण बहुतेक वेळा असा चराच असतो, नाहीतर सुईच्या टोकावर बसलेला कण.

मग आत क्लीनर भरा. कॅन बसलेलाच ठेवून ट्रिगर क्षणभर दाबा, सोडा, दहा मिनिटं थांबा, पुन्हा दाबा. असं तीन-चारदा करा. नळीतला फोम अजून ओला असेल तर हळूहळू पिवळट धार सुरू होते, मग ती पांढरी आणि शेवटी स्वच्छ होते. काल-आज जाम झालेल्या गन यातच सुटतात. पण क्लीनर फक्त ओला फोम विरघळवतो. पूर्ण कडक झालेल्या फोमवर त्याचा काही परिणाम होत नाही. महिनाभर पडलेल्या गनवर क्लीनरचे दोन कॅन रिकामे करणारे लोक मी बघितलेत. ते पैसे वाया जातात.

कडक फोम काढायचा तर गन खोलावी लागते, आणि ती खोलता येण्यासारखी असावी लागते. कॅन काढा. ट्रिगर दाबून आतला दाब पूर्ण गेल्याची खात्री करा. मागचा स्क्रू काढा, स्प्रिंग सांभाळा, सुई सरळ रेषेत मागे ओढा. परवाच एकाची गन अशी उघडली. सुईवर चार बोटं लांबीचा फोमचा थर होता, आगपेटीच्या काडीएवढा जाड, तपकिरी आणि खडखडीत. तो लाकडी पट्टीनं खरवडून काढला, क्लीनरच्या फडक्यानं पुसला, पुढचं टोक पान्यानं सोडवून क्लीनरमध्ये बुडवून ठेवलं. सुई काचेवर लोळवून बघितली, सरळ होती. परत जोडली आणि गन चालली. सुई वाकडी निघाली, तिच्या मागचं सील फाटलेलं असलं किंवा वाटीतली व्हॉल्व्हची गोळी गच्च बसलेली असली तर मी गन टाकून देतो. खोलता न येणाऱ्या गनबाबतही तेच. भट्टीत, गॅसवर किंवा ब्लो टॉर्चनं फोम जाळून काढायचा प्रकार करू नका. जळताना निघणारा धूर विषारी असतो.

नवी घ्यायची वेळ आलीच तर

धातूच्या शरीराची, पितळी टोकाची, वाटी फिरवून काढता येणारी आणि मागे स्क्रू असलेली गन घ्या. वाटीला आणि सुईला टेफ्लॉनचा लेप असेल तर फोम सहज सुटतो. प्लास्टिकची हलकी गन एका घरातल्या दोन-चार खिडक्यांपुरती चालते, पण ती खोलता येत नाही. दुकानातच ट्रिगर दाबून बघा. सुई अडखळत सरकत असेल तर दुसरी मागा.

आणि वापरताना सवय एकच लावा: अर्धा वापरलेला कॅन गनवरून काढायचा नाही. काम थांबलं की टोक पुसा, मागचा स्क्रू आवळा, गन कॅनसकट उभी ठेवा. अशी ती तीन-चार आठवडे सहज टिकते. कॅन पूर्ण संपला की जुना काढून मिनिटभरात नवा बसवा. नवा नसेल तर क्लीनर बसवून गन धुवा आणि मगच ठेवा. वाटीच्या आट्यांना व्हॅसलिनचं बोट फिरवलं तर कॅन चिकटत नाही.

फोम येतो, पण टिकत नाही

इथे सगळ्यात जास्त नुकसान घाईनं होतं. फट निम्मी भरायची, जास्तीत जास्त साठ टक्के. उरलेली जागा फोम स्वतः भरतो. काठोकाठ भरलात तर फुगणारा फोम चौकटीला आत ढकलतो आणि सरकती खिडकी घासायला लागते. खिडकीसाठी कमी फुगणारा फोम वेगळा मिळतो, तोच घ्या.

भिंतीवर सिमेंटची धूळ असेल तर फोम धुळीला चिकटतो, भिंतीला नाही. ब्रशनं झाडा, मग पाण्याचा हलका फवारा मारा. फोमला पिकायला ओलावा लागतो हे आधी आलंच. नाशिक-पुण्याकडच्या कोरड्या हिवाळ्यात हा फवारा सोडला तर फोम ठिसूळ होतो. पावसाळ्यात कोकणात हवाच पुरेशी ओली असते. तिथे भिंतीवरून पाणी ओघळत नाही ना, एवढं बघा.

फट पाच सेंटिमीटरपेक्षा रुंद असेल तर एका दमात भरू नका. बाहेरचा थर आधी कडक होतो, ओलावा आत पोचत नाही, आतला माल ओलाच राहतो, आणि काही दिवसांनी सगळं खचतं. एक थर द्या, अर्धा तास थांबा, फवारा मारा, दुसरा थर द्या. दहा-बारा मिनिटांत वरची साय धरते, तासाभरात कापता येतो, पण पूर्ण पक्का व्हायला चोवीस तास द्या. तोवर चौकटीचे पाचर काढू नका.

७५० मिलीलिटरच्या कॅनमधून मोकळ्या हवेत ३५ ते ४५ लिटर फोम निघतो. चार बाय चार फुटांच्या खिडकीचा घेर सोळा फूट. फट एक सेंटिमीटर रुंद, सहा सेंटिमीटर खोल धरली तर सुमारे तीन लिटर फोम लागतो. हिशेबानं बारा-पंधरा खिडक्या होतात, नवख्या हातानं सात-आठ धरा. एकाच खिडकीत अर्धा कॅन गेला असेल तर भिंतीत मोठी पोकळी आहे. आधी ती गिलाव्यानं बुजवा.

कापलेला फोम उघडा ठेवू नका. उन्हानं तो आधी पिवळा, मग तपकिरी होतो आणि बोटानं भुगा होतो. पुट्टी, गिलावा किंवा सीलंट, काहीतरी वर हवंच. आणि फोम म्हणजे वॉटरप्रूफिंग नव्हे. गळणाऱ्या गच्चीच्या भेगेत फोम भरून पावसाळा निघत नाही. पाणी त्याच्या मागून वाट काढतं आणि मग गळती नेमकी कुठून आहे तेही कळत नाही.

इथे थांबा, माणूस बोलवा

पूर्ण छताला किंवा पत्र्याच्या शेडला आतून फोमचा थर द्यायचा असेल तर ही गन बाजूला ठेवा. त्याला दोन वेगळे द्रव ठरलेल्या प्रमाणात मिसळणारं यंत्र लागतं. प्रमाण बिघडलं तर फोम पक्का होत नाही आणि घरात महिनोन् महिने वास राहतो. ते काम शिकलेल्या माणसांनी, श्वासाचा मास्क लावून करायचं आणि घरच्यांनी त्या काळात दुसरीकडे राहायचं.

विजेच्या बोर्डामागची, उघड्या तारांभोवतीची फट भरण्याआधी वायरमनला दाखवा. साधा फोम जळतो. चिमणीच्या किंवा गिझरच्या गरम नळीभोवती तर तो भरायचाच नाही. चौकट आधीच वाकली असेल तर फॅब्रिकेटरला, म्हणजे चौकट बनवणाऱ्याला बोलवा, फोम कापून ती सरळ होत नाही. काम करताना खोकला आला, छाती भरून आली तर तिथेच थांबा, मोकळ्या हवेत या आणि डॉक्टरांना 'आयसोसायनेट' हा शब्द सांगा.

मागच्या डिसेंबरात एका ताईंनी बाथरूममधून गार वारा येतो म्हणून बोलावलं. खिडकीच्या चौकटीभोवती बोटभर फट होती, आणि वर भिंतीत हवेसाठी ठेवलेलं जाळीचं भोक. ते दोन्ही बुजवून हवं होतं. भिंतीवर गॅस गिझर लावलेला दिसला. बंद बाथरूममध्ये गॅस जळाला की कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वास नसतो, आणि माणूस तिथेच बेशुद्ध पडतो. ताईंना हे सांगितलं, चौकटीची फट भरली, आणि वरच्या भोकाची जाळी काढून, कोळिष्टकं झाडून, पुन्हा तशीच उघडी बसवली.